बोर्डिगेरात भेटलेला सोंड्या

नीस आणि मोनॅकोबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गर्दी होती, पाय दुखले, श्रीमंतांच्या बोटी बघून झाल्या. वेंतिमिलियाला गाडी बदलून इटलीच्या बोर्डिगेरा गावात उतरलो तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. भाची जेनोव्हात शिकते, इटालियन फडाफडा बोलते. "मावशी, तुला झाडांचं वेड ना, मग तिकडेच जाऊ," म्हणत तिनेच हे गाव निवडलं होतं.

माझं माहेर गुहागरचं, नारळ-सुपारीच्या वाडीतलं. माडाच्या कुळातलं झाड दिसलं की मी आधी शेंडा बघते, मग बुंधा, समुद्राचं नंतर. इथल्या समुद्राकाठच्या लांबलचक फिरायच्या रस्त्याचं नाव आर्जेन्तिना, कारण 1947 साली अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको एव्हिटा पेरॉन इथे येऊन गेली. लोक समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते आणि मी उलटीकडे. कॅनरी बेटांवरच्या जाड बुंध्याच्या खजुरांत मधूनमधून नुसते खुंट उभे होते, शेंडा नसलेले. एका झाडाच्या झावळ्या मोडक्या छत्रीसारख्या खाली लवल्या होत्या आणि मधली सुरळी गायब. असं झाड आमच्या वाडीत दिसलं असतं तर दादाने त्याच दिवशी कुऱ्हाड काढली असती.

आम्ही राहिलो ते घर गावाच्या वरच्या अंगाला. दगडी बांध घालून उताराचे टप्पे केलेले, आणि प्रत्येक टप्प्यावर ताडामाडाच्या कुळातलं काहीतरी. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, आम्ही त्यांना सिन्योरा म्हणायचो. पाहुणचार म्हणाल तर सकाळी कोरडं बिस्किट आणि कडू कॉफी, बस. पण बाग दाखवायला लागल्या की बाईंना वेळेचं भान नाही. भूमध्य समुद्रावरचाच म्हणावा असा चामेरॉप्स, बुटका, काटेरी देठांचा. ब्राझीलकडचा निळसर पानांचा बुतिया, त्याची पिवळी फळं खाली पडून आंबलेली. एक खाल्लं, अननसासारखं लागलं. चिलीचा जुबेआ, पिंपाएवढ्या बुंध्याचा. तो इतका सावकाश वाढतो की लावणाऱ्याने फळाची आशा धरू नये. नारळ मात्र नाही. इथला पाऊस पडतो थंडीत, आणि गार, ओली माती नारळाच्या मुळांना सोसत नाही. उन्हाळा कोरडा असतो, म्हणून लहान झाडांना आळं करून शिंपावं लागतं. हे सगळं सिन्योरा बोटं नाचवत सांगत होत्या आणि मी भाचीच्या भाषांतराआधीच मान डोलावत होते.

खालच्या टप्प्यावर एक मोठा कॅनरी खजूर होता. त्याच्यापाशी बाई गप्प झाल्या, बुंध्याला कान लावला आणि मलाही खुणेने बोलावलं. मी कान टेकवला. आतून कुरकुर, कुरकुर, सुकं खोबरं चावल्यासारखा आवाज. देठांच्या बेचक्यातून तांबूस लगदा बाहेर आलेला आणि त्याला तो वास, आंबूस, ताडीचं मडकं उन्हात राहिल्यासारखा. हा वास माझ्या चांगलाच ओळखीचा. बाईंनी खालच्या वाळक्या देठातून धाग्यांचा गुंडाळलेला कोष उपसला, अंगठ्याने फोडला. आत लालसर भुंगा, चांगला पेराएवढा, पुढे लांब सोंड, पाय हळूहळू हलतायत.

"सोंड्या!" मी ओरडलेच. आमच्या माडांना आतून पोखरणारा तोच भुंगा.

मग सिन्योरांनी त्याची कुंडली सांगितली. हा इथला नाही, पूर्वेकडून आलाय. ऐंशीच्या दशकात आखातात पोचला, नव्वदीत स्पेनमध्ये, 2004 मध्ये इटलीत. स्वतः उडून आला असता तर जन्म गेला असता. आला तो बागांच्या हौसेपायी जहाजांतून आणलेल्या तयार, वाढलेल्या झाडांच्या पोटातून. "मूळ कुठला?" मी उगाच विचारलं. भाचीने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "भारत आणि आजूबाजूचे देश, मावशी."

नारळ खाऊन खाऊन हा प्राणी तिकडे गेला आणि त्याला कॅनरी खजूर जास्त आवडला, हे मला थोडं लागलंच.

पण त्यानंतर आमची अशी गट्टी जमली की विचारू नका. ओल्या कापाच्या वासावर मादी येते, म्हणून बाई भर उन्हाळ्यात एक झावळी तोडू देत नाहीत. तोडायची ती थंडीत, भुंगा सुस्त असताना. आमचा दादाही हिरवी झावळी बुंध्यापासून चांगली तीन-चार फूट देठ ठेवूनच तोडतो. भुंगा वासाला भुलून आत पडावा म्हणून त्यांच्याकडे गंधाच्या गोळीची बादली टांगलेली, तळाशी आंबलेले खजूर. आमच्या वाडीतही तीच बादली आहे. फक्त आकड्याच्या तारेने भुंगा टोचून बाहेर काढायची आमची पद्धत त्यांना पटली नाही. त्या झाडाला औषधाची सुई देतात.

एवढी मरमर कशासाठी, हे मला गावाच्या जुन्या वाटेने फिरताना कळलं. इथल्या खजुराला खजूर धरतो, पण पिकत नाही. त्याला पुरेसा उन्हाळाच नाही. मग शेकडो वर्षं लोकांनी पोट भरलं ते पानांवर. शेंडा दोरांनी घट्ट आवळून ठेवतात, आतल्या कोवळ्या पानांना उजेड मिळत नाही, ती पांढरट-पिवळी आणि लवचीक राहतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्यांच्या विणलेल्या वस्तू चर्चमध्ये लागतात, थेट व्हॅटिकनपर्यंत. ज्यूंच्या सणाला न उलगडलेली सुरळी लागते, तिच्यासाठी वेगळी बांधणी. गोष्ट अशी सांगतात की 1586 साली रोममध्ये प्रचंड दगडी खांब उभारताना दोर तापून तुटायला आले. बोलेल त्याला फाशी, असा हुकूम होता. तरी ब्रेस्का नावाच्या इकडच्या खलाशाने "दोरांवर पाणी!" अशी आरोळी ठोकली, खांब वाचला, आणि पोपने बक्षीस म्हणून त्याच्या घराण्याला पानं पुरवायचा हक्क दिला. खरंखोटं देव जाणे, पण दोरखंड ओढलेल्या माणसाला ही गोष्ट पटते.

दुसऱ्या दिवशी ला मोर्तोलाची हॅनबरी बाग. शांघायच्या व्यापारात पैसा केलेल्या थॉमस हॅनबरीने 1867 मध्ये ही जागा घेतली. सुंदर आहे, जरूर जा, पण गुडघे शाबूत असतील तर. बाग वरून थेट समुद्रापर्यंत उतरते, आणि उतरताना कोणी सांगत नाही की परत चढायचंय. खालच्या उपाहारगृहात पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून भाचीला म्हटलं, तहान नाही लागली.

संध्याकाळी दादाला व्हिडिओ कॉल लावून सिन्योरांसमोर धरला. दादाने खजुराचा शेंडा नीट बघून घेतला आणि उपाय सांगितला: डांबराच्या गोळ्या पानांच्या बेचक्यात ठेव, वर वाळू टाक. बाईंनी चार पुरुष उंचीच्या झाडाकडे हात केला. दादा म्हणाला, "मग लहान असतानाच करायला हवं होतं."

"औषधाला वर्षाला किती जातात, विचार," तो म्हणाला. बाईंनी आकडा सांगितला. भाचीने मनातल्या मनात रुपये केले आणि सांगितले.

"आणि फळ किती मिळतं?"

"काही नाही, दादा. पिकतच नाही."

"लाकूड?"

"नाही."

"झाप विणतात का छपराला?"

भाचीने विचारलं. सिन्योरा हसल्या, झाडाला थोपटलं आणि म्हणाल्या की हे त्यांच्या वडिलांनी लावलंय.

"अगं, मग आधीच सांगायचं ना," दादा म्हणाला, आणि औषधाची सुई बुंध्यात नेमकी किती खोल घालतात ते विचारायला लागला.