पांडवलेणी ते लासलगाव : खिशात गायगर काउंटर घेऊन

नाशिकला किरणोत्सर्ग मोजायला जाणं म्हणजे देशावर समुद्र शोधायला जाणं, असं एका मित्राने निघायच्या आधीच ऐकवलं होतं. त्याचं चूक नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, म्हणजे साधा काळा पाषाण, आणि त्यात किरणोत्सर्ग देणारे युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही बेताचेच. ग्रॅनाइटात ते कितीतरी जास्त असतात. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या थोरियमवाल्या खनिजाच्या वाळूत यंत्र नुसतं धरलं तरी ओरडायला लागतं. नाशिकला तसं काही होत नाही. पण माझं मत असं की हौशी माणसाने सुरुवात इथूनच करावी. मुळात शांतता असली की बारीकसारीक आवाजही ऐकू येतात.

आधी यंत्रांबद्दल, कारण निम्मे गोंधळ तिथेच होतात. माझ्याकडे दोन आहेत. एक साधा गायगर काउंटर, काचेच्या नळीचा, मिनिटाला किती ठोके पडले, म्हणजे नळीने किती किरण पकडले, ते सांगणारा. दुसरं रेडियाकोड नावाचं खिशात मावणारं यंत्र, त्यात एक सेंटिमीटर बाजूचा सीझियम आयोडाइडचा स्फटिक असतो. किरण तीन जातींचे: अल्फा कागदानेही अडतात, बीटा पातळ पत्र्याने, गॅमा मात्र बरेचसे आरपार जातात. गायगरला ठोका पडला एवढंच कळतं, तो कशामुळे पडला ते कळत नाही. स्फटिकाला गॅमा किरणाची ऊर्जाही कळते, त्यामुळे हे पोटॅशियम की थोरियम हे मोबाइलवरच्या आलेखात दिसतं. उलट बीटा किरण गायगर बऱ्यापैकी पकडतो आणि स्फटिक जवळजवळ नाही. अल्फासाठी अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते, ती महाग पडते आणि बोट लागलं तरी फुटते. पहिल्या खरेदीत तिच्या नादी लागू नका.

पांडवलेण्यांना सकाळी लवकर गेलो. नंतर पायऱ्यांवर ऊन आणि वर्दळ दोन्ही वाढतात. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या शिलालेखापासून बाजूला, जमिनीवर बसून यंत्र चालू ठेवलं. संरक्षित स्मारक आहे, कोरीव कामावर काहीही टेकवू नका. आकडा तासाला ०.०५ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास रेंगाळला (सीव्हर्ट म्हणजे अंगाला मिळणारा किरणांचा डोस मोजायचं एकक). डोंगराच्या पोटात शिरल्यावर रेडॉन, म्हणजे दगडातल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू, वाढेल असं पुष्कळांना वाटतं, पण ही लेणी समोरून सताड उघडी आणि दगडातच युरेनियम कमी, मग रेडॉन साठणार कुठून? त्याच दिवशी संध्याकाळी इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तेच यंत्र ०.१२ दाखवत होतं. दोन हजार वर्षांच्या लेण्यापेक्षा नवा ओटा बोलका. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नैसर्गिक किरणोत्सर्गाचा जगाचा सरासरी डोसच वर्षाला २.४ मिलीसीव्हर्ट धरला जातो आणि हे दोन्ही आकडे वर्षभराचे धरले तरी त्याच्या आतच राहतात.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या, नाहीतर उगाच धावपळ होईल. गायगरवर मिनिटाला सरासरी २० ठोके पडत असतील, तर एखाद्या मिनिटाला १५ आणि पुढच्याला २५ पडणं हा निव्वळ योगायोग असतो. एका जागी निदान दहा मिनिटं बसा, सगळे ठोके मोजा, मग सरासरी काढा. चालता चालता पडद्याकडे बघून ‘इथे वाढलं, तिथे कमी झालं’ म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ बघवत नाहीत.

लेण्यांवरून उतरलं की अंबडची एमआयडीसी जवळच. तिथे ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये आर्गॉन वेल्डिंग चालतं. त्यातल्या टंगस्टनच्या कांड्यांच्या टोकाला रंग असतो. लाल टोक म्हणजे सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड मिसळलेली कांडी. दहा कांड्यांची प्लास्टिकची डबी गायगरला टेकवली आणि ठोके एकदम दाट झाले. स्फटिकाच्या आलेखात हळूहळू थोरियमच्या साखळीची, म्हणजे थोरियम फुटून एकामागून एक तयार होणाऱ्या अणूंची, शिखरं वर आली. चहा पिऊन होईपर्यंत आलेख वाचण्याजोगा झाला होता. वेल्डर दादांनी विचारलं, “मग आम्ही रोज हातात धरतो त्याचं काय?” हातात धरल्याने फारसं बिघडत नाही. खरी काळजी कांडीला टोक काढताना ग्राइंडरवर उडणाऱ्या धुळीची, कारण ती श्वासातून आत गेली की थोरियमचे अल्फा किरण आतूनच मारा करतात. तोंडाला चांगला मास्क, ग्राइंडरला धूळ ओढणारा पंखा, आणि जमेल तेव्हा सोनेरी किंवा निळ्या टोकाची लँथॅनमची कांडी, एवढं त्यांना सांगितलं. निळी थोडी महाग पडते, हे त्यांनी लगेच मला सांगितलं.

पिंपळगावकडे मामांचा द्राक्षाचा मळा आहे, मुक्काम तिथे. द्राक्षवाल्यांच्या खताच्या खोलीइतकी हौशी माणसाला सोयीची प्रयोगशाळा नाही. पोटॅशियमचे ०.०११७ टक्के अणू पोटॅशियम-४० चे, म्हणजे किरणोत्सर्गी. ५० किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत साधारण २५ किलो पोटॅशियम, म्हणजे दर सेकंदाला साडेसात लाखांहून जास्त अणू फुटत असतात. गोणीचं तोंड सोडून लालसर खड्यांवर गायगर ठेवला, आकडा साधारण दुप्पट झाला. मग मधे स्टीलच्या डब्याचं जाड झाकण धरलं आणि तो पुन्हा खाली आला, कारण बहुतेक वाढ बीटा किरणांची आणि ते झाकणातच अडकतात. आता झाकणासकट स्फटिक ठेवा, गॅमाचं १४६० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचं शिखर तरीही येतं. बीटा आणि गॅमातला फरक मला पुस्तकापेक्षा या गोणीवर जास्त नीट समजला.

मामा दारात उभे राहून बघत होते. “म्हणजे झिरो-झिरो-पन्नासपण तसलंच का रे?”

“हो मामा, त्यातही पोटॅशच. आणि तुमच्या-माझ्या अंगातपण आहे.”

“किती?”

“सेकंदाला चार हजारांवर अणू फुटतात प्रत्येकाच्या अंगात.”

“मग खताला कशाला नावं ठेवायची,” म्हणून ते बागेकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी निफाडवरून लासलगाव. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात. २००७ मध्ये अमेरिकेला आपला आंबा गेला, तोही इथूनच विकिरण होऊन. परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि फाटकाशी यंत्र घेऊन घुटमळण्यातही अर्थ नाही. स्रोत जाड काँक्रीटच्या भिंतीआड असतो, रस्त्यावर तुम्हाला काहीही दिसणार नाही. बघायचा तो कांदा. विकिरण केलेला आणि साधा, दोन्ही आळीपाळीने वीस-वीस मिनिटं मोजले. फरक शून्य. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, कांद्यातल्या अणूंना किरणोत्सर्गी करायला ती पुरत नाही. कोंबाची वाढ थांबते, बाकी कांदा तो कांदाच. बाजार समितीत ‘अणूचा कांदा’ म्हणून नाक मुरडणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा यंत्र त्यांच्याच हातात द्यावं. लिलावाच्या वेळी मात्र मधे मधे करू नका, ट्रॅक्टरवाले आधीच वैतागलेले असतात.

शेवटी त्र्यंबक, पावसासाठी. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली येतात. गाडीचं बॉनेट टिश्यूने पुसून त्याची घडी गायगरखाली धरली की आकडा चढतो आणि अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर येतो. श्रावणातल्या त्या झिमझिम पावसात मात्र आकडा जेमतेम हलला. कारण सरळ आहे. रेडॉन जमिनीतून निघतो आणि मान्सूनचा वारा समुद्रावरून येतो. हा प्रयोग वळवाच्या पहिल्या सरीला करा, चार दिवस कोरडे गेल्यावर. आणि श्रावणातला तिसरा सोमवार टाळा, ब्रह्मगिरीच्या फेरीच्या गर्दीत गाडी लावायलासुद्धा जागा मिळत नाही.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही. देवळालीच्या लष्करी भागात, नाशिकरोडच्या नोटा छापखान्यापाशी, ओझरच्या विमान कारखान्याजवळ यंत्र पिशवीतच राहू द्या. तिथे टिकटिकणारी वस्तू काय आहे ते समजावण्यात दिवस जाईल. एरवीही आवाज बंद ठेवलेलाच बरा. बाजारात किंवा देवळाच्या रांगेत आकडा अचानक चढला आणि थोड्या वेळात उतरला, तर बहुधा शेजारून एखादा पेशंट गेलेला असतो. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ घेतलेल्या माणसाचं अंग काही दिवस यंत्राला जाणवतं. वळून बघू नका, विचारू तर मुळीच नका.

भंगारात जुनी रेडियमच्या काट्यांची घड्याळं मिळतात. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षं आहे. काच उघडू नका, घासू नका. आणि भंगाराच्या ढिगापाशी आकडा नेहमीच्या कित्येक पट चढला, तर फोटो काढत बसू नका. मागे फिरा, दूर जाऊन ११२ ला फोन करा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला होता.

स्फटिकवालं यंत्र महाग आहे. तेवढे पैसे नसतील तर साधा गायगर घ्या, आणि एक किलो पोटॅश कृषी सेवा केंद्रातून सुटं मागून आणा.