वारं नसताना लागणारी झळ

परवा भर दुपारी भाचीला मागं बसवून होटगी रोडनं घरी येत होतो. झाडाचं पान हलत नव्हतं पण गाडीवर तोंडाला नुसत्या झळा, तर ती म्हणाली, मामा वारंच नाहीय की, मग झळा कुठनं यायलेत? म्हटलं, अगं हवा जाग्यावरच आहे, आपण पळतोय तिच्यातनं. आरशात तिचा स्कार्फ मागं फडफडताना दिसला आणि मला एकदम ईएसओ १३७-००१ आठवली.

ही एक दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी, साधारण २२ कोटी प्रकाशवर्षं लांब, नॉर्मा क्लस्टरमधली. क्लस्टर म्हणजे शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या. कॉलेजपर्यंत मला वाटायचं की मधली जागा मोकळी असणार, पण तिथं कोट्यवधी डिग्री तापलेला वायू असतो, अतिशय विरळ, तरी सगळा मिळून मोठ्या क्लस्टरमधल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जड! आणि त्यातनं दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरनं धावतात, मग झळ लागणारच ना. ताऱ्यांना काही होत नाही, पण दीर्घिकेतला गार वायू निघून मागं शेपटीसारखा लांबत जातो. हबल दुर्बिणीच्या फोटोत त्या शेपटीत निळ्या रेघा दिसतात, ते तिथंच जन्मलेले नवे तारे. मी तो फोटो कितीदा बघितलाय, मन भरत नाही. वायू असा निघून जातो हे गन आणि गॉट या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच मांडलं होतं.

वायू गेला की नवे तारे कशातनं होणार? निळे तारे लवकर संपतात, लालसर म्हातारे उरतात. ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञानं १९८० साली ५५ क्लस्टर तपासले, जिथं गर्दी जास्त तिथं सर्पिल दीर्घिका, म्हणजे भोवऱ्यासारख्या, वायू आणि नवे तारे असलेल्या, कमी. गर्दी म्हणजे टकरा होऊन सगळ्या एक होत असतील असं वाटतं, पण वेग एवढा की बहुतेक जणी एकमेकींजवळनं निसटून जातात. एकत्र व्हायला जरा सावकाश चालावं लागतं, ते लहान ग्रुपात जास्त घडतं.

रात्री माळवदावर भाचीला उत्तरा फाल्गुनी दाखवली, तिच्याजवळच कन्या क्लस्टर, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणाली, मग आपल्या आकाशगंगेचा गॅसपण जाणार का ओ मामा? म्हटलं, आपण लहान ग्रुपातले, इथं तेवढा दाट तापलेला वायू नाही, अजून तारे जन्मतायत आपल्याकडं. कुठं, म्हणाली. मृग नक्षत्रात, पण ते आता मावळलंय, सिद्धेश्वरांच्या जत्रेचा गड्डा भरला की जानेवारीत इथंच दाखवतो.