जुम्मा बाजारात तबकड्या शोधताना

मुंबईत मटन स्ट्रीटवरची चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या हव्या असतील तर तरीही शुक्रवारीच जा. बंद शटरांसमोर, रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकानातला माल आधीच पारखून, भाव चढवून ठेवलेला असतो. घरोघरून उचललेली गोणी पहिल्यांदा सुटते ती इथे रस्त्यावर.

पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी ग्रँट रोडला उतरावं, मध्य किंवा हार्बरने येणाऱ्यांनी सँडहर्स्ट रोडला. दोन्हीकडून चालत जाता येतं. उजाडायच्या आत पोचा, टॉर्च आणि सुटे पैसे जवळ ठेवा, पाकीट पुढच्या खिशात.

मी गेलो तेव्हा माल उचलून पुढे विकणारे आधीच हजर होते. गोणी जमिनीला टेकते न टेकते तोच तिच्यात हात जात होते, पण काय शोधतोय हे कोणी तोंडातून काढत नव्हतं. एकजण तबकड्यांच्या गठ्ठ्याला पाठ करून एका जुन्या इस्त्रीचा भाव करत बसला. मग मिक्सरच्या भांड्याचा. शेवटी सहज सुचल्यासारखं म्हणाला, "ये तवे भी डाल दे इसमें." तवे म्हणजे तबकड्या. गठ्ठा त्याच्या पिशवीत गेल्यावर कळलं, सौदा मुळात तबकड्यांचाच होता. ही युक्ती शिकून घ्या. तुमची नजर कुठे अडकते त्यावर विकणारा भाव ठरवतो, म्हणून हवी ती वस्तू सगळ्यात शेवटी विचारा.

माल कुठून येतो, हे मात्र विचारू नका. गिरगाव-दादरकडची एखादी चाळ पुनर्विकासाला निघाली की माळ्यावरचं सामान खाली येतं, आणि ती खबर ज्याला आधी लागते त्याचा आठवडा निघतो. कोणत्या भंगारवाल्याकडून, कोणत्या बोहारणीकडून ती लागली, हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. वर्षानुवर्षं चहा पाजून जोडलेली माणसं कोणी का वाटून टाकावीत? इथवर मला त्यांचं पटतं.

पाकिटांचं पटत नाही. तबकडीच्या कागदी पाकिटावर दुकानाचा शिक्का असतो, कधी मालकाचं नाव, कधी विकत घेतल्याची तारीख. दुसरा कोणी त्या घरापर्यंत पोचू नये म्हणून काहीजण ती पाकिटं तिथेच फाडून टाकतात. १९३५मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'यंग इंडिया' लेबलची तबकडी आज मिळाली, तर तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं हाती येतं. पण ते कोणत्या वस्तीत, कोणाच्या घरी वाजत होतं हे सांगणारा पुरावा बहुतेक वेळा पाकिटावरच असतो. तो गेला की गेलाच. त्यामुळे मी एका विक्रेत्याला थेट म्हटलं, "तवा आप रखो, कवर मुझे दे दो." त्याने फुकट दिलं. पाकीट मागून बघा. सौद्यात त्याला किंमत नसते आणि तुमची कोणाशी स्पर्धाही होत नाही.

घेताना तबकडी तिरकी धरून कडेपासून आत जाणारी बारीक चीर शोधा. ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची तबकडी हातातून पडली की संपली, म्हणून पिशवीत पुठ्ठे न्या आणि ती उभीच ठेवा. घरी स्पिरिटने अजिबात पुसू नका, लाख विरघळते. आजच्या बऱ्याच टर्नटेबलवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. ७८चा वेग आणि त्या रुंद खाचेची वेगळी सुई, दोन्ही आहे का, हे पैसे मोजण्याआधी पाहून घ्या.