दुसरी बॅटरी: उसाच्या फडापासून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत आमची वाटचाल

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरची गाणी. गाड्यांत दुसरी बॅटरी बसवायच्या आमच्या धंद्याची सुरुवात त्या गाण्यांमुळे झाली. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उद्यमनगरात बॅटरी चार्जिंग आणि ऑटो वायरिंगचं दुकान होतं. ट्रॉल्या भरेपर्यंत ट्रॅक्टर फडात तासन् तास उभा असायचा. इंजिन बंद, पण टेप आणि दिवे चालू. मग निघायच्या वेळी सेल्फ फिरायचा नाही. दोन ट्रॉल्या ऊस मागे लावलेला ट्रॅक्टर ओल्या रानात धक्का मारून चालू होत नाही. आप्पांनी टेप-दिव्यांना वेगळी बॅटरी दिली आणि दोन्हींच्या मध्ये इंजिन चालू असेल तेव्हाच जोडणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा जाड स्विच, बसवला. चार्जिंग दोन्हींना मिळायचं. इंजिन बंद केलं की दोघी वेगळ्या. ड्रायव्हरने पहाटेपर्यंत गाणी ऐकली तरी सेल्फची बॅटरी जशीच्या तशी राहायची.

आज आमच्याकडे थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस अशा फोर बाय फोर गाड्या येतात. माल बदलला, मीटर बदलले, पण कामाचा गाभा आप्पांनी घातला तोच आहे. दुसरी बॅटरी पहिलीला हातभार लावायला नसते. पहिलीला कुणी हात लावू नये म्हणून ती बसवायची.

त्या काळी बरेच जण असं काम करताना सेल्फचाच सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट देणारा स्विच, मध्ये टाकायचे, कारण तो स्वस्त आणि कुठेही मिळणारा. पण सेल्फचा सोलेनॉइड काही सेकंदांसाठी बनलेला असतो. तो तासभर ओढून धरला तर कॉइल तापते आणि जळते. आप्पा सतत चालणाराच कॉन्टॅक्टर वापरायचे. गिऱ्हाईक पैशावरून कुरकुरलं तर ते काम सोडायचे, कॉन्टॅक्टर बदलायचे नाहीत. तो हट्ट आम्ही जपला आहे.

ट्रॅक्टरनंतर जिप्सी आल्या. दाजीपूर, आंबोली, चांदोलीकडे फिरणारे निसर्ग-छायाचित्रकार आणि सर्च लाइट लावून घेणारे हौशी लोक. त्यांना कॅमेऱ्याचं चार्जिंग, इन्व्हर्टर, पुढे गाडीतला कॉम्प्रेसर फ्रीज हवा असायचा. जंगलात रात्री गाडी बंद पडली तर मदतीला कोण येणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्या टप्प्यावर आम्ही व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा स्विच, म्हणजे रिले, वापरू लागलो. अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राने, व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर नेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. बटण दाबायला विसरण्याचा प्रश्नच संपला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या कामाची किंमत आम्हाला दिसली. पंचगंगा शहरात शिरली, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, कित्येक भागांत वीज नव्हती. आमच्या गिऱ्हाइकांपैकी काही जण आपापल्या गाड्या घेऊन मदतीला उतरले. दिवसा पाणी आणि जेवणाची पाकिटं पोचवायची, रात्री शाळेतल्या छावणीबाहेर गाडी लावून लोकांचे मोबाइल चार्ज करून द्यायचे. डिझेल मोजून वापरायचं म्हणून इंजिन बंदच. तरी सकाळी प्रत्येक गाडी एका सेल्फला उठली. घरच्यांशी फोनवर बोलून रडणारी माणसं पाहिली आणि वाटलं, आपलं काम हौसेच्या गाड्यांपुरतं नाही. त्या पुरानंतर आम्ही दुसरी बॅटरी मागच्या फ्लोअरवर थेट ठेवणं बंद केलं. आता ट्रे उचलून घेतो आणि फ्यूज-बॉक्स शक्य तेवढा वर नेतो.

त्याच सुमारास धाकटी बहीण, दुकानातली सगळ्यांची ताई, डिप्लोमा करून दुकानात आली. आमच्या धंद्यात हिशेब आणला तो तिने. आप्पांचा हात आणि कान पक्के होते, ताई वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून बसते. तिचं एक उदाहरण सांगतो. पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर वायर आणि ४० अँपिअरचं चार्जिंग धरा. सहा एमएमची (म्हणजे सहा चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट जातात. पंचवीस एमएम टाकली तर ०.३ पेक्षा कमी. एक व्होल्ट ऐकायला थोडा वाटतो, पण १२ व्होल्टच्या बॅटरीत भरलेली आणि उतरलेली यांतला फरकच तेवढा असतो. म्हणून डिकीतली बॅटरी कधी पूर्ण भरत नाही अशी तक्रार घेऊन गाडी आली की आम्ही बॅटरीआधी वायर पाहतो.

फ्यूजचं तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बसवून सांगतो. दोन बॅटऱ्यांमधली वायर दोन्ही टोकांनी जिवंत असते. त्यामुळे फ्यूज दोन्ही टोकांना हवा, आणि तोही बॅटरीपासून वीतभराच्या आत. खडकाळ वाटेवर हादरे बसून वायर पत्र्याला घासली आणि आवरण फाटलं, तर शेकडो अँपिअर एका क्षणात बॉडीत उतरतात. एकाच टोकाला फ्यूज असेल तर दुसऱ्या बाजूची बॅटरी ती आग पेटती ठेवते. फ्यूज असतो तो वायरच्या रक्षणासाठी. पुढची यंत्रं वाचली तर तो वरकड फायदा. वायरीच्या टोकाची तांब्याची टोपणं, म्हणजे लग्ज, आम्ही हायड्रॉलिक प्रेसने दाबतो, वर डिंकवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. इथल्या पावसात उघड्या लगमधलं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं, म्हणून वायर कल्हईची.

आणि ट्रे. १०० अँपिअर-अवरची लेड ॲसिड बॅटरी २५ ते ३० किलोची असते. ऑफ-रोडला गाडी कलंडली तर ते वजन माणसावर येतं. कोल्हापूरसारखं फॅब्रिकेशन दुसरीकडे मिळणार नाही, असं मी अभिमानाने म्हणतो. शेजारच्याच शेडमध्ये पत्रा कापून, वाकवून, भोकं पाडून ट्रे दुपारपर्यंत तयार. तो चॅसिसला किंवा सीटच्या मूळ बोल्टला पकडायचा, नुसत्या फ्लोअरच्या पत्र्याला नाही.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि आमचा जुना रिले बऱ्याच गाड्यांत निकामी ठरू लागला. नव्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर अल्टरनेटरवर लक्ष ठेवतो. पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज १२.६ च्या आसपास खाली आणतो, ब्रेक मारला की १५ च्या जवळ नेतो. पाणी जसं वरच्या हौदातून खालच्या हौदात जातं, तसंच हे आहे. वरचा हौदच खाली आणला तर खालच्यात काय येणार? व्होल्टेज पाहणारा रिले तर दोन बॅटऱ्यांमधला जोडच तोडून टाकतो. त्यामुळे आता मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो मिळेल तेवढं व्होल्टेज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं वाढवून देतो. इंजिन चालू आहे हे त्याला इग्निशनच्या वेगळ्या वायरीने कळवावं लागतं. त्या गाड्यांच्या पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर बहुधा सेन्सर असतो. दुसऱ्या बॅटरीचं अर्थिंग त्याच टर्मिनलवर टाकलं की कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो, म्हणून आम्ही ते बॉडीवर, रंग खरवडून, वेगळ्या बोल्टला देतो.

मग लिथियम आली. वजन निम्म्याहून कमी, आणि १०० पैकी ८० अँपिअर-अवर निर्धास्त वापरता येतात. लेड ॲसिडमध्ये ५० च्या खाली उतरू नये. लिथियम बॉनेटखाली मात्र बसवायची नाही, तिथली उष्णता तिला मारते. थंडीचं त्याहून अवघड. ० अंशाच्या खाली चार्ज केली तर आत लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. हिमबिबट्याच्या फोटोसाठी ऐन थंडीत स्पितीत किब्बरला जाणारे छायाचित्रकार आमच्याकडे येतात. त्यांना बॅटरी केबिनमध्ये, सीटमागे देतो आणि थंडीत चार्जिंग तोडणारं सर्किट आत आहे याची खात्री केल्याशिवाय गाडी सोडत नाही.

गाडी आली की ताई आधी कागद पुढे ठेवते. काय चालवणार आणि किती तास? ४० लिटरचा फ्रीज चालू असताना ४-५ अँपिअर घेतो, मध्ये मध्ये बंद होतो. उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० अँपिअर-अवर धरा. दिवे, फोन, लॅपटॉप त्यावर. हे लिहिल्यावर अनेकांच्या लक्षात येतं की आपल्याला दुसरी बॅटरी नकोच आहे. वर्षातून एकदा तंबूत झोपणाऱ्याला आम्ही चांगला जंप स्टार्टर घ्यायला सांगून परत पाठवतो. धंदा जातो, पण त्याच्या गाडीला नको असलेलं वजन आणि वायरिंग टळतं.

सध्या माझा जीव लागलाय तो वेगळ्याच कामात. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यांवर जाणारे जनावरांचे डॉक्टर फोर बाय फोर बोलेरोतून लशी नेतात. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. बर्फाच्या पेटीवर दुपारनंतर भरवसा नसतो, आणि घाटातल्या वस्तीवर गाडी बंद करून तासन् तास थांबावं लागतं. एका डॉक्टरसाहेबांच्या गाडीत आम्ही फ्रीज, १०० अँपिअर-अवरची लिथियम आणि केबिनमध्ये तापमानाचा भोंगा असा संच बसवला. साहेबांनी विचारलं, शनिवार-रविवार गाडी उभी राहिली तर? टपावर १०० वॉटचं सोलर पॅनल उन्हाळ्यात ५ अँपिअरच्या आसपास देतं, पण गगनबावड्याच्या पावसात त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून बाहेरून लावायचा २३० व्होल्टचा चार्जरही दिला. रात्री दवाखान्याच्या भिंतीवरच्या प्लगला जोडायचा. दुसऱ्या एका डॉक्टरांची गाडी आता शेडमध्ये उभी आहे. तिच्या टपावर सामानाचा कॅरियर असल्याने पॅनल बसत नाही, तेव्हा बॅटरीच मोठी घ्यायची की चार्जरवरच भागवायचं, यावर ताईचा हिशेब चालू आहे.