उपाशी पोटी कशी धाडू?

भंडारा जिल्ह्यात मच्छीमार संस्थांसोबत काम करायला लागून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पावसाळ्यातलं मुख्य काम म्हणजे मामा तलावांत बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडणं. (मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले. नवा माणूस हमखास विचारतो, कोणाचे मामा?)

ऑगस्टचा दिवस. रोवणी उरकत आलेली. दोन बोड्यांतली, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांतली, रोहू-कतल्याची बोटुकली एका तलावात न्यायची होती. एक बोडी मावशींची, दुसरी बाबाजींची. बीज एकच, सोडलंही एकाच दिवशी. आदल्या दिवशी दोघांनाही फोन केला, "उद्या न्यायचे आहेत, आता दाणा टाकू नका." एवढं बोलून फोन ठेवला. का टाकायचा नाही, ते सांगितलं नाही.

सकाळी जाळं ओढलं, मोजणी झाली, पिशव्यांत पाणी आणि वर ऑक्सिजन भरून टेम्पो निघाला. तासाभराचा रस्ता. पण वाटेत नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत होतं. ते ओसरेपर्यंत थांबलो आणि तलावावर पोचायला चार तास लागले.

पिशव्या उतरवल्या तेव्हाच पोटात गोळा आला. मावशींच्या पिशव्यांतलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं, मासे तळाशी थव्यानं होते. बाबाजींच्या पिशव्या गढूळ, वर फेस, तळाला विष्ठेचे धागे. निम्मे मासे आडवे झालेले. तापमान जुळावं म्हणून पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. तोवर तग धरून असलेल्यांपैकीही बरेच डोळ्यांदेखत उलटे झाले.

बाबाजी सोबतच आले होते. मी विचारलं, "बाबाजी, सकाळी काही टाकलं होतं का?"

"टाकलं ना जी. कोंडा अन् ढेप. लेक सासरी चालली, तिले उपाशी पोटी कशी धाडू?"

मला रागवता आलं नाही. चूक त्यांच्या हातून झाली होती, पण तिचं कारण माझा फोन होता.

काठावर बसून मी त्यांना जे सांगितलं, ते खरं तर आदल्या दिवशी सांगायचं होतं. माशाला जाळ्यात धरलं की पहिल्या काही सेकंदांत ॲड्रेनालीन उसळतं, काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागतं. आपल्याला मूत्रपिंडावर टोपीसारखी वेगळी ग्रंथी असते, माशाला तशी नसते. त्याच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातच त्या पेशी विखुरलेल्या असतात. यकृतातली साखर रक्तात येते, कल्ल्यांतून रक्त जोरात वाहू लागतं. ऑक्सिजन जास्त मिळावा म्हणून ही धावपळ. पण त्याच कल्ल्यांतून गोडं पाणी आत शिरतं आणि अंगातलं मीठ बाहेर झिरपतं. घाबरलेला मासा असा मीठ गमावत असतो. वाहतुकीच्या पाण्यात थोडं मीठ घालतात ते याचसाठी.

त्यात पोट भरलेलं असेल तर? रोहू-कतल्याला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. ते पचवायला वेगळा ऑक्सिजन लागतो, आणि ढेपेतल्या, म्हणजे तेलबियांच्या पेंडीतल्या, प्रथिनांचा अमोनिया पुन्हा कल्ल्यांवाटेच पाण्यात येतो. तळ्यात तो पसरून जातो, बंद पिशवीत कुठे जाणार? शिवाय विष्ठा कुजायला लागली की तीही ऑक्सिजन खाते. पिशवी बंद असताना माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्याचा सामू (पीएच) खाली धरून ठेवतो, म्हणून अमोनिया जरा कमी जाचतो. तोंड उघडलं की हा वायू उडतो, सामू वर जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. डोळ्यांदेखत मेले ते बहुधा यामुळे.

परीक्षेसाठी ताण हा एक धडा वाचला होता, आहार हा दुसरा. दोन्हींची गाठ एकाच कल्ल्यावर पडते, हे त्या काठावर कळलं.

बाबाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे कालच सांगितलं असतं तर!"

उरलेले मासे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, ठेवले. त्यांना लगेच थोडा कोंडा टाकावा असं बाबाजींच्या मनात होतं, मी नको म्हटलं. ताणातल्या माशाची भूक मरते, टाकलेलं तसंच कुजतं. मावशींचे मासे तिसऱ्या दिवशी दाण्यावर आले. बाबाजींच्यांना जास्त दिवस लागले, काहींच्या अंगावर कापसासारखी बुरशीही आली. कॉर्टिसॉल फार काळ चढं राहिलं की रोगाशी झुंजायची ताकद घटते, त्यात जाळ्यानं खवले निघालेले.

नुकसान संस्थेनं आणि बाबाजींनी वाटून घेतलं. मला कोणी काही मागितलं नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या पावसाळ्यात मी फोन केला नाही. आदल्या दिवशी सकाळीच बोडीवर गेलो. बाबाजी धुऱ्यावर बसले होते. कोंड्याचं टोपलं घरीच ठेवून आले होते. नातू खिशात मुरमुरे घेऊन पाण्याकडे निघाला, तसे ते त्याच्यावर ओरडले, "ए! आज त्याइले काई टाकू नको. उद्या गाडीत बसाचं हाय त्याइले."