तुम्ही विचारलंत म्हणून: घरातल्या क्रोटनची पाने आणि त्यांचे रंग

रोपवाटिकेत रंगांनी भरलेला क्रोटन घरात आणल्यावर थोड्याच दिवसांत पाने का गाळू लागतो, आणि त्यानंतर येणारी नवी पाने हिरवीच का निघतात, हा प्रश्न मला सातत्याने विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पाण्याबद्दलची शंका असते. पाणी जास्त झाले असेल, की कमी पडले असेल? माझे उत्तर मात्र जवळजवळ नेहमी प्रकाशापासून सुरू होते आणि पाण्याचा विषय त्याच्या मागून येतो. हा क्रम उलटा लावल्यामुळेच घरातले बरेचसे क्रोटन दगावतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्या झाडाला आपण क्रोटन म्हणतो त्याचे शास्त्रीय नाव कोडिअम व्हेरिगेटम असे आहे आणि ते एरंडाच्या कुळातले आहे. मलेशिया, इंडोनेशिया, पॅसिफिक महासागराच्या पश्चिमेकडील बेटे आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग हा त्याचा मूळ प्रदेश आहे. तिथे ते माणसाच्या उंचीहूनही मोठे होणारे सदाहरित झुडूप असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या बागप्रेमींना या झाडाने वेड लावले, पण तिथे ते वाढवले गेले ते कृत्रिम ऊब दिलेल्या काचघरांत. छतापासून भिंतीपर्यंत सगळीकडून येणारा उजेड, कधीही न उतरणारी ऊब आणि दमट हवा या तिन्ही गोष्टी त्या काचघरांत एकत्र मिळत होत्या. आपल्या राहत्या खोलीत यांपैकी बहुधा ऊब तेवढी असते, उजेड एकाच बाजूने येतो आणि हवेतला ओलावा कमी असतो. क्रोटनच्या घरातल्या सगळ्या तक्रारी या फरकातून उगवतात, म्हणून तो आधी नीट समजून घेणे मला आवश्यक वाटते.

रंगांचे सांगायचे तर क्रोटनच्या पानात तीन प्रकारची रंगद्रव्ये एकत्र नांदत असतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा, पिवळा आणि नारिंगी कॅरोटिनॉइडांचा, तर लाल, किरमिजी आणि जांभळट छटा अँथोसायनिनच्या असतात. अँथोसायनिन तयार होण्यासाठी पानावर भरपूर प्रकाश पडावा लागतो. पानाचे पिवळे पट्टे सुंदर दिसतात, परंतु तिथे हरितद्रव्य कमी असल्यामुळे अन्न तयार करण्याच्या कामात त्यांचा वाटाही कमी असतो. भरपूर उजेडात झाडाला ही चैन परवडते. उजेड अपुरा पडला की मिळेल तो प्रत्येक किरण वापरण्यासाठी नव्या पानात हरितद्रव्याचे प्रमाण वाढते आणि रंग झाकोळले जातात. म्हणजे हिरवे झालेले पान आजारी नसते. ते कमी उजेडात जगण्याची तयारी करत असते. इथे एका गोष्टीची आठवण ठेवावी. क्रोटनच्या अनेक वाणांत पान जन्मतः हिरवे किंवा पिवळसर असते आणि जून होत गेल्यावर त्यात नारिंगी आणि लाल रंग भरत जातो. एकाच फांदीवर शेंड्याला पिवळी आणि खाली गडद लाल पाने दिसतात ती त्यामुळेच. तेव्हा कोवळे पान हिरवे दिसले म्हणून लगेच काळजी करू नये. ते पूर्ण वाढून पक्के होईपर्यंत थांबावे आणि मगच जागेविषयी निर्णय घ्यावा.

जागा निवडताना आपले डोळे आपल्याला फसवतात. भर उन्हात उजेडाची तीव्रता सुमारे 1,00,000 लक्स असते आणि चांगला उजेड वाटणाऱ्या खोलीच्या मध्यभागी ती जेमतेम काही शे लक्स भरते. पण डोळा हा फरक इतका सहज भरून काढतो की दोन्ही ठिकाणी आपल्याला व्यवस्थित दिसते. झाडाकडे अशी सोय नाही. म्हणून मी एक साधी कसोटी सांगत असते. दिवस चांगला वर आल्यावर, जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे पानांच्या उंचीवर हात धरावा. हाताची सावली ठळक आणि रेखीव कडांची पडली तर ती जागा क्रोटनची आहे. सावली पुसट पडली तर तिथे रंग टिकणार नाहीत, आणि सावली दिसलीच नाही तर तिथे क्रोटन ठेवूच नये. पूर्वेकडच्या खिडकीत सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळाले आणि उरलेला दिवस मोकळ्या आकाशाचा उजेड मिळाला, तर याहून चांगली जागा घरात मिळणे कठीण. झाड खिडकीला जवळजवळ लागून असावे, कारण खिडकीपासून अवघ्या दोन पावलांवर उजेड निम्म्याहून खाली येऊ शकतो. बैठकीच्या कोपऱ्यात, दिव्याखाली, शोभेसाठी ठेवलेला क्रोटन पाहिला की मला मनापासून वाईट वाटते, कारण तिथे तो फक्त साठवलेल्या अन्नावर दिवस काढत असतो. खिडकी नसेलच तर झाडे वाढवण्यासाठी मिळणारा दिवा झाडाच्या अगदी वर, रोज बारा तासांच्या आसपास लावावा. घरातल्या नेहमीच्या दिव्याने ते काम होत नाही.

अंधाऱ्या जागी राहिलेले झाड एकदम कडक उन्हात नेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कमी उजेडात तयार झालेले पान पातळ असते, त्याला प्रखर ऊन सोसत नाही आणि त्यावर फिकट, कोरडे चट्टे पडतात. हे चट्टे पुन्हा भरून येत नाहीत. आठवड्याला थोडे या गतीने झाड उजेडाकडे सरकवत न्यावे.

सगळे वाण सारखे नाहीत. हिरव्या पानावर पिवळे शिंतोडे असणारा ‘गोल्ड डस्ट’ इतरांच्या मानाने कमी उजेड सोसतो, आणि ज्यांच्या घरात फार ऊन येत नाही त्यांना मी तोच सुचवते. रुंद पानांचा, ठळक शिरांचा ‘पेट्रा’ सर्वत्र मिळतो आणि बऱ्यापैकी काटक आहे, मात्र त्याचे लाल-नारिंगी रंग हवे असतील तर उजेडात तडजोड चालत नाही.

आता पानगळीकडे येऊ. रोपवाटिकेतल्या प्रखर उजेडात वाढलेले पान जाड असते आणि त्याचा स्वतःचा श्वसनखर्चही जास्त असतो. खोलीत आल्यावर त्या पानाला पुरेसे अन्न तयार करता येत नाही आणि ते झाडावर भार होऊन बसते. पान निरोगी असते तोवर त्याच्याकडून ऑक्झिन नावाचे संप्रेरक देठाच्या दिशेने सतत वाहत राहते आणि देठाचा सांधा घट्ट राहतो. पान कमकुवत झाले की हा ओघ आटतो, इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि पान गळते. खालची, जुनी पाने सहसा आधी जातात. थंड वाऱ्याचा झोत, मुळांना बसलेला धक्का किंवा कुंडी कोरडी ठणठणीत पडणे यांमुळेही हेच घडते, पण नव्या घरातल्या पहिल्या काही आठवड्यांची पानगळ बहुतेक वेळा उजेड आणि हवा बदलल्यामुळे होते. झाड आपला खर्च उत्पन्नाइतका खाली आणत असते, एवढाच तिचा अर्थ आहे.

खरा धोका यानंतर सुरू होतो. पाने गळताना पाहून माणसाचा जीव तुटतो आणि तो काहीतरी करायला धावतो. रोज पाणी घातले जाते, खत दिले जाते, कुंडी बदलली जाते, झाड या खोलीतून त्या खोलीत नेले जाते. परंतु मुळांनी शोषलेले बहुतेक पाणी पानांवाटे बाहेर पडत असते. पाने निम्मी झाली की झाडाची पाण्याची गरजही तेवढीच उतरते. अशा वेळी नेहमीइतके पाणी दिले तरी माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या भरून जातात, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून उरलेली पानेही मलूल होऊन खाली लोंबतात, आणि ते पाहून आणखी पाणी घातले जाते. नुसत्या पानगळीने सहसा न दगावणारे झाड या प्रेमापोटी हकनाक जाते. म्हणून माझा आग्रह असा असतो की झाडाला योग्य जागा एकदाच द्यावी, पाणी मातीच्या ओलाव्याप्रमाणे कमी करावे, खत पूर्ण थांबवावे आणि मग त्याला हात लावू नये. शंका वाटली तर फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे आणि तिच्यावर फुटवे येण्याची पूर्ण आशा आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर हिरवा भाग लागेपर्यंत खाली तपासत जावे.

स्थिरावलेल्या झाडाला पाणी देण्याची रीत साधी आहे. वरची दोन ते तीन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली की कुंडीच्या तळाच्या छिद्रातून पाणी वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. ठरावीक वारी पाणी घालण्याची सवय मला पटत नाही, कारण ढगाळ आठवड्यात आणि कोरड्या, उन्हाच्या आठवड्यात झाडाची गरज सारखी नसते. शेंड्याची कोवळी पाने किंचित माना टाकतात तेव्हा आधी माती तपासावी: कोरडी असेल तर पाणी दिल्यावर काही तासांत ती ताठ होतात, ओली असेल तर दुखणे मुळांचे आहे.

क्रोटनला ऊब लागते. अठरा ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानात तो सुखाने वाढतो आणि पारा पंधराच्या खाली फार काळ राहिला तर पाने टाकू लागतो. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येईल अशी जागा त्याला देऊ नये, कारण तिथे थंडी आणि कोरडेपणा दोन्ही एकदम मिळतात. हवेतला ओलावा वाढवण्यासाठी पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, परंतु त्याचा परिणाम पान सुकेपर्यंतच टिकतो. चार-पाच झाडे जवळजवळ ठेवल्याने थोडा फरक पडतो, आणि हवा फारच कोरडी असेल तर ओलावा देणारे यंत्र हाच खात्रीचा उपाय आहे.

कोरड्या, उबदार हवेत येणारे मोठे संकट म्हणजे लाल कोळी. हा कीटक नाही, अष्टपाद वर्गातला अतिसूक्ष्म जीव आहे, आणि तो पानाच्या खालच्या बाजूला राहून पेशींमधला रस शोषतो. पानावर बारीक फिकट ठिपके पडतात, रंगांचा तजेला जातो, आणि प्रादुर्भाव वाढला की देठांच्या बेचक्यात तलम जाळी दिसू लागते. रंगीबेरंगी पानावर हे ठिपके चटकन नजरेत येत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहण्याची शिस्त मी फार मोलाची मानते. पांढरा कागद पानाखाली धरून पान हलकेच झटकावे. कागदावर पडलेले कण चालू लागले तर निदान पक्के. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या दोन्ही बाजू पाण्याच्या धारेने धुणे हा पहिला आणि बराच परिणामकारक उपाय आहे. त्यानंतर सौम्य साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाच्या तेलाचे मिश्रण, आधी एका पानावर करून पाहून, मग सगळीकडे फवारावे. एका फवारणीने काम होत नाही, कारण अंडी शाबूत राहतात. उबदार हवेत ती चार-पाच दिवसांत उबतात, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने निदान तीनदा फवारणी करावी. याच तपासणीत पिठ्या ढेकूण आणि खवले कीडही हाती लागते. पाने ओल्या मऊ फडक्याने पुसत राहिल्याने धूळ जाते, उजेड पानापर्यंत पोहोचतो आणि किडीला आरंभीच आळा बसतो. पानांना चकाकी आणणारे तेलकट पदार्थ मात्र वापरू नयेत.

खताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. झाड नवी पाने काढत असेल तेव्हा महिन्यातून एकदा, शिफारशीच्या निम्म्या मात्रेने द्रवखत द्यावे. वाढ थांबली असेल तेव्हा देऊ नये. कुंडी एक-दोन वर्षांनी, मुळांनी ती भरल्यावर, फक्त एक आकार मोठी घ्यावी. माती भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी तरी साचू न देणारी असावी.

क्रोटनच्या कापलेल्या भागातून निघणारा चीक त्वचेला दाह करू शकतो आणि झाडाचे कोणतेही अंग पोटात जाणे चांगले नाही, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून झाड लांब ठेवावे.

शेवटी, ज्यांचा क्रोटन खालून उघडाबोडका होऊन वर फक्त पानांचा झुपका उरला आहे, त्यांच्यासाठी. खालची गळलेली पाने पुन्हा त्याच जागी येत नाहीत, पण झाड फेकण्याची गरज नसते. वाढीच्या हंगामात शेंड्याच्या झुपक्याखाली गुटी कलम बांधावे: सालीचे दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचे कडे काढून त्याभोवती ओले शेवाळ गुंडाळावे, वरून प्लास्टिक बांधावे आणि शेवाळ सुकू देऊ नये. उबेत सुमारे महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून मुळे दिसू लागतात, तेव्हा त्यांच्या खाली कापून तो भाग नव्या कुंडीत लावावा. नुसते पान मातीत खोचल्यास त्याला मुळे फुटू शकतात, परंतु त्यावर डोळा नसल्यामुळे त्यातून झाड उभे राहत नाही. बियांपासून आलेली रोपे मूळ झाडाच्या रंगाची निघतीलच असे नसते, त्यामुळे आवडलेला रंग जपायचा असेल तर कलमच करावे. खाली उरलेला खुंट उजेडातच ठेवावा, पाणी अगदी बेताने द्यावे आणि वाट पाहावी. मुळे निरोगी असतील तर कापाच्या खालच्या डोळ्यांतून सहसा दोन-तीन फुटवे निघतात, आणि पुढे झाड पूर्वीपेक्षा घेरदार होते.