थेंब एकीकडे, गळती दुसरीकडे

सलग पाच आठवडे माझ्या गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरलेला होता. सकाळी गाडी हातभर पुढे घ्यायची, उतरायचं, आणि रात्रीत पुठ्ठ्यावर काय पडलंय ते टॉर्च लावून बघायचं. कधी तीन थेंब, कधी पाच. ऑफिसला जाण्याआधीचं हे माझं पहिलं काम झालं होतं.

गाडी अठरा वर्षांची आहे. परदेशात आल्यावर माझ्या पैशांनी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू, त्यामुळे तिच्यावर माझा जीव आहे. इथे गाडीशिवाय चालत नाही आणि गॅरेजमधला हिशोब तासावर होतो, म्हणून जुनी गाडी वापरणारे बरेच जण हाताने कामं करायला शिकतात. मला ते शिकवलं या ऑइलच्या गळतीने. सुरुवात झाली घरमालकांच्या निरोपाने: तुमच्या पार्किंगच्या जागेवर काळा डाग पडलाय, बघून घ्या.

गाडीखाली ओलं दिसलं की ते इंजिन ऑइलच असेल असं नाही. पांढऱ्या पुठ्ठ्यावर फरक चटकन कळतो. एसीचं पाणी स्वच्छ असतं, वाळलं की खूणही राहत नाही. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं आणि त्याला गोडसर वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बहुतेक लालसर असतं. माझ्या पुठ्ठ्यावरचे थेंब तपकिरी-काळे होते, बोटांत चोळले की बुळबुळीत लागायचे. म्हणजे इंजिन ऑइलच. ते पडत होते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, बरोबर त्या सांध्याखाली.

एका गॅरेजमध्ये दाखवली. लिफ्टवर चढवली, खालून पाहिलं आणि दहा मिनिटांत निदान आलं: क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याचं हे सील म्हणजे तळहाताएवढी एक रबरी रिंग. पण ती असते इंजिनच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हील नावाच्या जड चाकाच्या पलीकडे, म्हणजे ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. सुटा भाग किरकोळ आणि मजुरी डोंगराएवढी. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता. गाडी भंगारात काढावी लागणार या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मामाला फोन लावला. मामाची तीस वर्षं वर्कशॉपमध्ये गेली, इंजिनं उघडण्यात. मी सगळं सांगितलं, फोटोही पाठवले. तो म्हणाला, "अगं, या फोटोत काही कळायचं नाही. सगळं इंजिनच तेलाने माखलंय. आधी धू ते. धुतल्याशिवाय कुठलंही सील बदलू नकोस."

"पण मामा, थेंब तर तिथेच पडतोय."

"थेंब पडतो तिथे गळती असते असं कुणी सांगितलं तुला? तेल वरून येतं. गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. ओल जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे असेल, तिथे बघ."

माझ्या मते ऑइल गळतीचं निम्मं ज्ञान या एका वाक्यात आहे. तेल फुटतं एकीकडे, मग एखाद्या कडेवरून ओघळत, बोल्टच्या डोक्याला वळसा घालत, ब्रॅकेटवरून उतरत भलत्याच ठिकाणी टपकतं. आणि जुन्या इंजिनवर वर्षानुवर्षांचा चिकटा असतो, त्यात धूळ बसलेली. ताजी गळती कुठली आणि तीन वर्षांपूर्वीची कुठली, हे त्यात ओळखू येत नाही.

म्हणून एका शनिवारी इंजिन धुतलं. गार इंजिन, डिग्रीझरचा फवारा, जुना ब्रश, ओलं फडकं. अल्टरनेटर आणि वायरिंगची जोडणी प्लॅस्टिकने झाकून घेतली, जोराचा पाइप मुद्दाम मारला नाही. खालच्या भागासाठी गाडी उचलली ती पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही.

धुतल्यावर ऑइलमध्ये गळती शोधायचा डाय, म्हणजे चमकणारा रंग, टाकला. छोटी बाटली मिळते, ती ऑइलच्या तोंडातून ओतायची आणि दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची. मग अंधारात अतिनील प्रकाशाचा टॉर्च मारायचा. जिथून ऑइल झिरपलंय तिथे पिवळसर हिरवी रेघ चमकते. डाय नसेल तर धुऊन वाळवलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरली तरी चालते, ओल लगेच उमटते.

तिसऱ्या रात्री बॉनेट उघडलं आणि टॉर्च लावला. ती रेघ मी विसरणार नाही. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनचं सगळ्यात वरचं झाकण. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून, गिअरबॉक्सच्या बाजूने ती निघाली होती, सिलिंडर हेडवरून खाली उतरली होती आणि थेट गिअरबॉक्सच्या सांध्यात शिरली होती. क्रँकचं सील आहे म्हणून ज्या जागेकडे बोट दाखवलं होतं, तिथे ऑइल वरून येऊन साचत होतं. गिअरबॉक्स उतरवला असता, सील नवीन बसवलं असतं, आणि आठवड्यात पुठ्ठा पुन्हा काळा झाला असता. मागचं सील गेलंय असं ऐकलंत, तर आधी टॅपेट कव्हरची मागची कड, कॅमचं सील आणि ऑइल प्रेशरचा स्विच वरून बघून घ्या.

म्हणजे गेलं होतं ते टॅपेट कव्हरखालचं रबरी पॅकिंग. ते बदलायला मला एक अख्खा रविवार लागला. सरावलेल्या हाताला दोन तास पुरतील. इग्निशन कॉइल काढल्या तेव्हा एका प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं, म्हणजे तिथली गोल सीलही गेली होती. ती त्याच संचात मिळतात, एकदमच बदला. कव्हर उचललं आणि खाचेतलं जुनं पॅकिंग सोलून काढलं. रबर कसलं, सुकलेल्या काडीसारखं झालं होतं. बोटांत वाकवलं तर कट्‌कन तुटलं. वर्षानुवर्षं इंजिन तापतं आणि निवतं, त्यात रबराचा लवचिकपणा जातो. मग दोन धातूंमधली फट त्याच्याने भरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो सफाईला. हेडचा काठ अॅल्युमिनियमचा असतो, लोखंडी पातं लावलं की ओरखडा पडतो आणि त्याच ओरखड्यातून ऑइल पुन्हा वाट काढतं. म्हणून प्लॅस्टिकची पट्टी घेतली. वरून ब्रेक क्लीनरने पुसलं, फडकं पांढरं राहीपर्यंत. जिथे टायमिंग कव्हर (इंजिनच्या टोकाचं झाकण) हेडला मिळतं, त्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा छोटा ठिपका लागतो. तेवढाच. भरपूर सिलिकॉन फासलं की आत दाबलेला भाग सुटून ऑइलच्या वाटेत अडकू शकतो.

बोल्टच्या बाबतीत मामाने तीनदा बजावलं होतं. आधी सगळे बोटांनी बसवायचे, मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आळीपाळीने आवळायचे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये यांना आवळायचा जोर १० न्यूटन-मीटर सांगितलाय, चाकाचे नट १०० च्या आसपास असतात. यावरून अंदाज घ्या हे किती हलकं काम आहे. गळतंय म्हणून जोर लावून पिळलं तर पॅकिंग चेंगरतं, कव्हर वाकतं, आणि जास्त गळतं.

"पॅकिंग बदललंस, छान," मामा फोनवर म्हणाला, "पण ते कशामुळे गेलं, हे बघितलंस?"

इंजिन चालताना थोडा गॅस पिस्टन रिंगच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरकडे उतरतोच. तो बाहेर काढायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह. गॅस तिथून परत इनटेकमध्ये जातो आणि जळतो. हा व्हॉल्व्ह तुंबला तर आत दाब साठतो, आणि दाब जिथे रबर कमजोर तिथून ऑइल बाहेर ढकलतो. इथल्या थंडीत मी रोज दहा मिनिटांच्या फेऱ्या मारते, इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ ऑइलमध्ये मिसळून पिवळट, सायीसारखा चिकटा होतो, आणि तो या व्हॉल्व्हमध्ये बसतो. माझा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर आत टिकटिक वाजतं. माझा मुका होता.

नवा बसवण्याआधी मामाने सांगितलेली चाचणी केली. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू ठेवलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवला. मोजा हळूहळू फुगला आणि पाची बोटं ताठ उभी राहिली. व्हॉल्व्ह बदलून पुन्हा तेच केलं, तर मोजा अलगद आत ओढला गेला. एवढा स्वस्त सुटा भाग, पण तो तसाच राहिला असता तर नवं पॅकिंगही फार टिकलं नसतं.

गळती थांबवणारी औषधं ऑइलमध्ये टाकावीत का, हेही मी विचारलं होतं. ती रबर मऊ करतात, थोडं फुगवतात. सील नुकतं कडक होऊ लागलं असेल तर काही दिवस निभतं. तुटलेलं पॅकिंग मात्र कुठलीही बाटली जोडू शकत नाही. मी त्या वाटेला गेले नाही. ऑइल बदलल्याबरोबर गळती सुरू झाली असेल तर आधी सोप्या जागा बघा: ड्रेन बोल्टचा वायसर जुनाच राहिलाय का, आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून त्यावरच नवा फिल्टर बसलाय का. हे दुसरं दिसतं क्षुल्लक, पण त्यातून ऑइल भसाभस जातं.

आणि दोन गोष्टींत वाट बघत बसू नका. एक, जळक्या ऑइलचा वास किंवा बॉनेटमधून धूर. याचा अर्थ ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय, आणि त्यातून आग लागू शकते. दुसरी, ऑइलचा लाल दिवा. तो लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. घरापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही.

काम होऊन आता सात आठवडे झाले. घरमालकांच्या फरशीवरचा डागही घासून काढला. टायमिंग कव्हरच्या कडेला किंचित ओलसरपणा आहे, थेंब धरत नाही. मामा म्हणतो त्याला आत्ता हात लावू नकोस, नुसतं लक्ष ठेव. म्हणून दर रविवारी गाडी सपाट जागी उभी करते, इंजिन निवू देते, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पुसून पुन्हा बुडवते आणि पातळीचा फोटो त्याला पाठवते. पुठ्ठा अजून खाली आहे. आज सकाळी तो कोरडा होता.